झोप कमी पडते कुणामुळे?

रविवारच्या पुरवणीत झोपेवर एखादा लेख हमखास सापडतो. सात-आठ तास झोपा, मोबाइल लांब ठेवा, रात्री चहा टाळा. सल्ला काही खोटा नाही. पण त्याच अंकाच्या दुसऱ्या पानावर पहाटे चारला उठणाऱ्या यशस्वी माणसाचं कौतुक असतं. २०२३ साली नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची भाषा केली. त्यावर वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलं.

या दोन्ही पानांवर झोप म्हणजे ज्याची त्याची सवय. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याचा हिशेब तिथे क्वचितच दिसतो. ड्युटी नऊ तासांची, घरून निघून घरी पोचेपर्यंत आणखी तीन तास. मोबाइल लांब ठेवून हे तीन तास परत येत नाहीत.

याच मुंबईत 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना सवयी सुधारण्याचा सल्ला देऊन प्रश्न सोडून दिला नाही. १८८४ साली त्यांच्या पुढाकाराने कामगारांनी मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच. रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. विश्रांतीचा वेळ कामाच्या तासांतूनच मागावा लागतो, हे लोखंड्यांनी ओळखलं होतं.

आता आपल्या घरात पाहू. फजरला सगळ्यांच्या आधी उठणारी, डबे भरून स्वतः अंधेरीची गाडी पकडणारी आणि रात्री भांडी आवरून सगळ्यांच्या शेवटी आडवी होणारी कोण, हे सांगायला नको. रमजानात सहरीसाठी तिची झोप आणखी तुटते. तिलाही आपण म्हणतो, "अगं, जरा लवकर झोपत जा." हा पुरवणीतलाच सल्ला झाला. तिचं काम कुणी वाटून घेतलं, तरच तो तिला पाळता येईल.

आज रात्रीची भांडी मुलांनी किंवा त्यांच्या अब्बांनी घासावीत. तिला अर्धा तास जास्त झोप मिळेल.