अहिराणी ‘स्लँग’ नव्हे

‘अहिराणी म्हणजे मराठीची स्लँग’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार भेटते. पुरावा म्हणून धुळे-जळगावकडचा एखादा विनोदी व्हिडिओ जोडलेला असतो. विधान चुकीचे आहे, आणि ही चूक निरुपद्रवी नाही.

स्लँग म्हणजे एखाद्या भाषेच्या आत, एखाद्या गटाने, बहुधा काही काळापुरते चालवलेले शब्द. ‘झोल झाला’ म्हणणारा मुंबईचा तरुण व्याकरण मराठीचेच वापरतो. शब्द नवा, सांगाडा जुनाच.

अहिराणीत सांगाडाच निराळा आहे. ‘तुझे नाव काय आहे?’ हे तेथे ‘तुन्हं नाव काय शे?’ असे होते. ‘माझा मुलगा’ म्हणजे ‘मना आंडोर’, ‘माझी मुलगी’ म्हणजे ‘मनी आंडेर’. हा षष्ठीचा ना-नी आणि हे ‘शे’ गुजरातीच्या नो-नी आणि ‘छे’ यांच्या जवळचे आहेत. (‘माले’, ‘तुले’ यांतला ‘ले’ मात्र वऱ्हाडीतही सापडतो. अभिमानाच्या भरात तोही एकट्या अहिराणीच्या खात्यावर मांडू नये.) ‘कथा’ म्हटले की पुण्यात गोष्ट आठवते, साक्रीत तो ‘कुठे?’ असा प्रश्न असतो.

इंग्रजीत असे भेद विपुल आहेत. ‘पँट्स’ म्हणजे अमेरिकेत विजार, इंग्लंडात आतले वस्त्र. अमेरिकी शब्दांनाही इंग्लंडात दीर्घकाळ गावंढळ ठरवले गेले. १८२८ साली नोआ वेबस्टरने ‘अमेरिकन’ म्हणवणारा स्वतंत्र कोश छापला. पुढे अमेरिकेचे सामर्थ्य वाढले आणि तक्रारीतला जोर ओसरला. व्याकरण तेच होते. बदलली ती सत्ता.

मराठीत ‘प्रमाण’ कसे ठरले, हेही याच दृष्टीने पाहावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारित आवृत्ती १८५७ साली. सरकारी शाळांची पुस्तके मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून जात. या साऱ्या व्यवहारात पुण्याच्या शिष्टवर्गाची बोली पायाभूत धरली गेली. राज्यकारभार आणि शिक्षण यांना एक समान लेखनभाषा हवी होती, हे मान्य. परंतु त्यातून इतर बोली ‘अशुद्ध’ ठरतात, हा निष्कर्ष भाषाशास्त्राचा नव्हे. तो वर्गातल्या छडीचा आहे.

ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांसोबत ठेवले. ते वर्गीकरण अंतिम मानण्याचे कारण नाही. अहिराणीवर मराठीचा ठसा गडद आहे आणि अभ्यासकांत मतभेदही आहेत. पण ‘स्लँग’ हा पर्याय त्या वादात कोणाच्याच बाजूने नाही.

दुसरी बाजूही तितकीच बेफिकीर असते. बहिणाबाई चौधरींना सर्रास अहिराणीच्या कवयित्री म्हटले जाते. त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांची कविता लेवा गणबोलीतली. खानदेशात एकच बोली आहे असे गृहीत धरणे, हाही दूरवरून पाहण्याचाच परिणाम.

आता आकडे. जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार लोक नोंदले गेले. २०११ मध्ये सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक घट, आणि तीही लोकसंख्या वाढत असताना. माणसे नाहीशी झालेली नाहीत. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणक घरच्यांनी सांगितलेले नाव लिहितो. ज्या मुलाला शाळेत ‘नीट बोल’ म्हणून गप्प केले, तो मोठेपणी दारात आलेल्या माणसाला ‘मराठी’ असेच सांगण्याची शक्यता अधिक. घटीचे हे एकमेव कारण नसेल, पण व्हिडिओखाली ‘काय भारी स्लँग’ लिहिणारा त्या गप्प करण्यात हातभार लावतो, मग हेतू कौतुकाचा का असेना.

पुढची गणना २०२७ ची आहे. धुळ्यात, शिरपुरात, अमळनेरात, बागलाणात त्या रकान्यात ‘अहिराणी’ हा शब्द आजही सांगता येतो.