महाविद्यालयात शपथ, नाक्यावर सरकारी गुत्ता

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात दोन-दोन श्रेयांकांचे लहान विषय आले आहेत. पर्यावरण, संविधान, योग, डिजिटल साक्षरता असे काहीबाही त्यात शिकवले जाते. त्यातच दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावर एक प्राथमिक अभ्यासक्रम सर्व महाविद्यालयांत असावा, ही मागणी आता जोर धरते आहे. ती चुकीची नाही. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या खटल्यात १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच केंद्र सरकारला सांगितले होते की, मुलांमधील व्यसनाची देशभर पाहणी करा, राष्ट्रीय आराखडा तयार करा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश करा. तेव्हा विषय शिकवावा की नाही हा वाद आता संपला आहे. खरा वाद आहे तो काय शिकवावे, कोणी शिकवावे आणि कोणाच्या नजरेने शिकवावे याचा. त्या वादात आमची माणसे कुठे दिसत नाहीत, म्हणून हा लेख.

आज महाविद्यालयांत काय चालते ते सर्वांना माहीत आहे. २६ जून आला की अमली पदार्थविरोधी दिन. व्यासपीठावर प्राचार्य, संस्थेचे एखादे पदाधिकारी आणि पोलीस निरीक्षक. पोस्टर स्पर्धा, घोषवाक्य स्पर्धा, सामूहिक शपथ आणि शेवटी प्रमाणपत्र. २०२० च्या १५ ऑगस्टला केंद्राने 'नशामुक्त भारत' अभियान सुरू केल्यापासून ही शपथ मोबाईलवरही घेता येते. ज्या पोराच्या बापाला रात्री दोघांनी धरून घरी आणावे लागते, तोही त्या रांगेत हात पुढे करून उभा असतो. त्याला या शपथेतून काय मिळाले? त्याचा प्रश्न स्वतः पिण्याचा नाहीच. घरात जे चालले आहे ते काय आहे आणि त्याचे करायचे काय, हा त्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पोस्टर स्पर्धेत नाही.

म्हणून अशा अभ्यासक्रमाचा पहिला धडा वैद्यकशास्त्राचा असला पाहिजे, आणि तो साध्या मराठीत असला पाहिजे. दारूचे अवलंबन हा आजार आहे. त्याची लक्षणे ठरलेली आहेत. पूर्वीइतक्या दारूने चढेनासे होणे, न मिळाल्यास हात थरथरणे, घाम फुटणे, झोप उडणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे. जागतिक आरोग्य संघटनेने केवळ दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. ती कोणताही विद्यार्थी शिकू शकतो आणि वस्तीत जाऊन वापरू शकतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वस्तीतल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत तो बडबडू लागतो, नसलेले किडे-माणसे त्याला दिसू लागतात, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर माणूस मरतोही. आमच्याकडे नेमके याच वेळी त्याला खोलीत कोंडतात, खाटेला बांधतात. 'वारे शिरले' म्हणून भगताकडे नेतात. खरे तर ती सरकारी दवाखान्यात नेण्याची वेळ असते. तिथे शांत करणारी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने मिळाली तर माणूस वाचतो. दुसरे, 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या पुड्या. दारूची घृणा निर्माण करणारे औषध डॉक्टर रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात, कारण त्यावर दारू प्यायल्यास जीव धोक्यात येतो. ते भाजीत कालवून देणे हा नवऱ्याच्या जीवाशी खेळ आहे. एवढे दोन मुद्दे जरी शंभर विद्यार्थ्यांनी घरी नेले, तरी दोन श्रेयांक सार्थकी लागले म्हणायचे.

दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना तिच्यामुळे मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० मध्ये एक. उरलेल्यांना काय मिळते? शपथ, मार आणि बदनामी.

आता दुसरा धडा, जो सरकारी अभ्यासक्रमात कधीच येणार नाही. दारू विकतो कोण? संविधानाचे कलम ४७ राज्याला सांगते की, औषधी उपयोग सोडून मादक पेये आणि आरोग्याला घातक अमली पदार्थांच्या सेवनावर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा. आणि राज्य काय करते? जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिप्पटवरून साडेचारपट केले, धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर'चा नवा प्रकार काढला आणि यातून १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा हिशेब मांडला. कर वाढवून दारू महाग करणे हा पिणे कमी करण्याचा मान्य उपाय आहे, हे मी नाकारत नाही. पण विदेशी मद्य महाग करतानाच त्याच्या आणि देशीच्या मधे बसणारा स्वस्त नवा माल बाजारात आणायचा, याला दारूमुक्तीचे धोरण म्हणत नाहीत, धंदा म्हणतात. त्यात पुन्हा जे देशीही घेऊ शकत नाहीत ते हातभट्टीकडे वळतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी डोळे जातात, मग जीव. मेलेले सगळे कष्टकरी होते.

दारूबंदी करा म्हणजे प्रश्न सुटला, असे येथे कोणी म्हणेल. इथे आपण बाबासाहेबांकडे नीट पाहिले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. पाचवे शील आपण दर कार्यक्रमात म्हणतो. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये कलम ४७ मध्ये दारूबंदीचा उल्लेख घालणारी दुरुस्तीही बाबासाहेबांनी स्वीकारली. त्या चर्चेत जयपालसिंग मुंडा यांनी आदिवासींच्या विधींशी आणि भातशेतीच्या कष्टांशी जोडलेल्या तांदळाच्या दारूचा प्रश्न उपस्थित करून विरोध नोंदवला होता, हेही विद्यार्थ्यांना कळले पाहिजे. मात्र याच बाबासाहेबांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा लिहिला, त्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी आहे! त्या काळी मुंबई राज्यात मोरारजीभाईंची दारूबंदी चालू होती. जाहीरनाम्याचे म्हणणे असे की, या बंदीने सरकारचा महसूल बुडाला, लोककल्याणाला पैसा उरला नाही, आणि दारू तर थांबली नाहीच. उलट ती घराघरात गाळली जाऊ लागल्याने बायका-पोरांपर्यंत पोहोचली आणि गुन्हेगारी वाढली.

यात विसंगती आहे का? मला वाटत नाही. प्रतिज्ञा ही माणसाने स्वतःच्या बुद्धीने स्वीकारायची असते, ती पोलिसाच्या दंडुक्याने पाळून घेता येत नाही. आणि महसूल घ्यायचा तर तो शिक्षणावर, कल्याणावर खर्च करण्यासाठी घ्यायचा. आजचे राज्य महसूल तर घेते, पण ज्याच्या यकृतातून तो निघतो त्याच्यासाठी तालुक्याला एक खाट ठेवत नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना वाढत्या दारूच्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. फुल्यांची हरकत आणि फेडरेशनचा जाहीरनामा, दोन्ही एकाच वर्गात शेजारी शेजारी वाचून घ्या. मुले विचार करायला लागतील. नुसती गांधीजयंतीची दारूबंदी शिकवली तर फक्त पाठांतर होईल.

कायद्याचा भाग मी वकील म्हणून थोडा अधिक मागतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. परवान्याशिवाय दारू बाळगणे आणि पिणे कायद्याने आजही गुन्हा आहे. देशीसाठी एक दिवसाचा परवाना दोन रुपयांत आणि विदेशीसाठी पाच रुपयांत मिळतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? बालसरा खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवला. तेव्हापासून क्लबातल्या माणसाचा परवाना कोणी विचारत नाही आणि नाक्यावरच्या मजुराला शनिवारी रात्री गाडीत घालता येते.

१९८५ चा अमली पदार्थांचा कायदा त्याहून कडक. त्यात गांजाचा फुलोरा गुन्हा, पण नुसत्या पानांची भांग व्याख्येबाहेर. सणाला चौकात घोटली जाते ती परंपरा, आणि बांधकामावरच्या पोराच्या खिशात सापडते ती पुडी! त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी आरोपी सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. न्यायालयात आलेल्या वस्तीतल्या किती पोरांना हे कलम कोणी सांगितलेले असते? बहुतेक जण दंड भरून सुटण्यासाठी गुन्हा कबूल करून मोकळे होतात, आणि पुढे पोलीस पडताळणीत नोकरी जाते तेव्हा घरचे वकिलाकडे धावतात.

तशीच गोष्ट खासगी 'व्यसनमुक्ती केंद्रां'ची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. त्यामुळे नोंदणी न करता केंद्र चालवणे, रुग्णाला साखळीने बांधणे हे बेकायदा आहे. तरीही चार-सहा महिने कोंडून, मारहाण करून घरच्यांकडून महिन्याचे पैसे उकळणारी ठिकाणे राजरोस चालू आहेत. याच महाराष्ट्रात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. माणसाला न मारता उपचार करता येतात, हे इथे कधीच सिद्ध झालेले आहे.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना बजावून सांगितली पाहिजे. व्यसनाच्या धड्यातले चित्र ठरलेले असते. झोपडी, फाटक्या लुगड्यातली बाई, रडणारी पोरे आणि झिंगलेला काळा माणूस. वर्गातल्या मुलांना त्या माणसाची जात सांगावी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन पकडले, ते कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कारखान्यात. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसांशिवाय तो माल तयार होत नाही. हे चित्र धड्यात का नसावे? आमच्या वसतिगृहातल्या पोराकडे सिगारेट सापडली तर 'यांचे संस्कारच असे', आणि बंगल्यातल्या पोराकडे पावडर सापडली तर 'बिचारा ताणाखाली होता'. शिकवणाऱ्याच्या मनातला हा फरक पुसला नाही, तर हा वर्ग आमच्या मुलांना अपमानाचा आणखी एक तास ठरेल.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे करून चालणार नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेमागे काय चालते ते वस्तीतल्या बायांना विचारा. सकाळी पंचशील म्हणणारे मंडळाचे कार्यकर्ते रात्री मांडवामागे बाटली फोडतात आणि त्यांना बोलण्याची हिंमत ज्येष्ठांत नसते, कारण वर्गणी त्यांनीच गोळा केलेली असते. निवडणुकीच्या आदल्या रात्री बाटल्यांचे खोके कोणत्या वस्तीत उतरतात हेही सर्वांना माहीत आहे. या सगळ्यात लढतात त्या आमच्या आया-बहिणी. प्रभागातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारू दुकानासाठी गुप्त मतदान घेता येते, आणि नोंदणीकृत मतदारांच्या निम्म्याहून अधिकांनी 'आडवी बाटली' निवडली तर दुकान बंद होते. निम्मी मते म्हणजे झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीवरच्या सर्व मतदारांच्या. इतकी कठीण अट आमदाराच्या निवडीलाही नाही. रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या बायांचे ठराव या अटीवर पडतात.

हा कायदा, ही प्रक्रिया, हा अर्जाचा नमुना त्या दोन श्रेयांकांत आला पाहिजे. प्रकल्प म्हणून पोस्टर नको. विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यात सरकारी व्यसनोपचाराच्या खाटा किती, परवानाधारक देशी दुकाने किती आणि त्यातली शाळा-विहाराच्या जवळ किती, याची माहिती अधिकारात माहिती मागवावी आणि ती वर्गात मांडावी. शिकवायला पोलीस निरीक्षकाऐवजी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचारतज्ज्ञ आणि दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा माणूस बोलवावा. परीक्षा मराठीत घ्यावी.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर आणि अधिसभेवर आपले प्राध्यापक, पदवीधर प्रतिनिधी निवडून जातात. आरक्षणाच्या रोस्टरवर ते भांडतात, ते योग्यच आहे. या विषयाचा मसुदा मंडळासमोर येईल तेव्हा तोही त्यांनी मागवून घ्यावा आणि विद्यार्थी संघटनांनी त्यांना बैठकीच्या आधी गाठून त्यावर लेखी सूचना द्याव्यात. मसुदा एकदा मंजूर झाला की पुढची काही वर्षे तोच शिकवला जातो.