आधी डोळा, मग पाय

गणेश चतुर्थी जवळ आली की गावोगावच्या मंडळांत झाकरीचा सराव सुरू होतो. तो पाहताना एक गोष्ट मला दर वर्षी खटकते. एखाद्या मुलाचे पाऊल चुकले की शिकविणारे म्हणतात, "याच्या पायात तालच नाही." मग त्याला मागे उभे करतात, आणि पुढच्या वर्षी ते मूल येतच नाही. माझे म्हणणे असे की दोष बहुधा पायांचा नसतो. त्याला पाहायला कोणी शिकविलेले नसते.

याला शास्त्राचा आधार आहे. स्वीडनचे गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवून दिले की, अंधारात माणसाच्या सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशठिपके हलताना दिसले, तरी पाहणारा लगेच ओळखतो की कोणी चालत आहे. तेच ठिपके स्थिर असले तर काही बोध होत नाही. तालबद्ध हालचाल टिपण्याची अशी शक्ती डोळ्यांत आहे.

पण तिला मर्यादाही आहेत. १९९० साली अमेरिकेत श्मिट, करेलो व टर्वे यांनी दोघांना बसवून, एकमेकांकडे पाहत एकेक पाय झुलवायला सांगितला. एकाचा पुढे तेव्हा दुसऱ्याचा मागे, असा नियम होता. गती वाढली तसा तो नियम मोडू लागला आणि दोघांचे पाय एकदमच पुढे-मागे होऊ लागले. दोघांना जोडणारी होती फक्त नजर! समोरच्याच्या उलट पाऊल टाकताना आपले मूल चुकते ते याच ओढीने, हट्टाने नव्हे.

आणखी एक प्रयोग २०१० सालचा. एकाची हालचाल दुसऱ्याच्या पाव फेरा मागे असली, तर ती डोळ्यांना नीट ओळखू येत नाही आणि हातांना करताही येत नाही. विल्सन, स्नॅप-चाइल्ड्स व बिंगहॅम यांनी काही जणांना ती पडद्यावर नुसती ओळखायला शिकविली. हातांना सराव दिलाच नाही, तरी हात सुधारले!

मृदंगाचा ठेका कान धरतो हे खरे, पण सोबत्याचे पाऊल डोळाच पकडतो. म्हणून शिकविणाऱ्यांना माझी विनंती आहे. चुकणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत टाकू नका. तिथे त्याला फक्त पाठी दिसतात. चांगल्या नाचणाऱ्याच्या समोर उभे करा. सुरुवात संथ ठेवा. मधूनमधून सर्वांना खाली बसवून विचारा, "सांगा पाहू, कोण मागे पडला?"

लहानपणी आम्ही ओट्यावर बसून दोन-तीन वर्षे झाकरी नुसती पाहत होतो. मग एके दिवशी कोणी तरी हाताला धरून फेरात ओढले, आणि पाय आपोआप वळले. या बेटावर आपण संख्येने थोडे आहोत. पूर्वजांनी कोकणातून आणलेल्या या नाचातून एकही मूल वगळणे आपल्याला परवडणार नाही.