गणेशगुडीत गहूच कशाला?

काळी नदीतल्या राफ्टिंगसाठी गणेशगुडीला जाणारे आपण गोंयकार पुष्कळ. पण ज्याला सीलिअ‍ॅकमुळे गव्हातले ग्लूटेन चालत नाही, त्याला डबा बांधूनच निघावे लागते. रिसॉर्टच्या बुफेत पुरी, चपाती, रव्याचा उपमा! खरे तर जोयडा हा भाताचा आणि कंदांचा मुलूख. कुणब्यांची मुडली, तांदळाची भाकरी, नाचण्याची आंबील... यांत ग्लूटेन मुळात नाहीच. मग परदेशी पाकिटे कशाला? फक्त तवा वेगळा हवा आणि बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, हे आचाऱ्याला ठाऊक हवे. 'थोडेसे चालते हो' असा आग्रह नको. या आजारात कणभर गहूही आतड्याला इजा करतो. पाहुण्याला इथलेच जेवण वाढा, एवढेच माझे म्हणणे.