युतीचे सरकार आणि बंद खोलीतील शब्द

२४ नोव्हेंबर २०१९ हा रविवार ख्रिस्तराजाच्या सणाचा होता. सकाळच्या मिस्साबलिदानानंतर आगाशीच्या चर्चच्या आवारात मंडळी नेहमीसारखी घोळक्याने उभी होती. मात्र त्या दिवशी वाडी, पाऊस आणि केळीचे भाव हे विषय मागे पडले होते. आदल्या दिवशी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि सकाळचे आठ वाजण्यापूर्वी श्री. देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची व श्री. अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती. एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांला विचारले, “फादर, आपण मत नेमके कोणाला दिले?” त्या वेळी आम्ही हसून विषय टाळला. त्यांचा प्रश्न मात्र टाळण्याजोगा नव्हता, हे पुढील वर्षांनी दाखवून दिले.

त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या होत्या. विधानसभेच्या २८८ जागांपैकी बहुमतासाठी १४५ लागतात. भाजप व शिवसेना यांनी मते एकत्र मागितली होती आणि त्यांची बेरीज १६१ होत होती. म्हणजे कौल स्पष्ट होता. तरीही निकालानंतर महिनाभर सरकार बनले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये युती ठरली तेव्हा मुख्यमंत्रिपदही निम्मे-निम्मे वाटून घेण्याचा शब्द मिळाला होता, असे शिवसेनेचे म्हणणे. असा शब्द दिलाच नव्हता, असे भाजपचे म्हणणे. यांपैकी खरे कोण, याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांला खटकते ते वेगळेच. ज्या शब्दावर एवढे मोठे राज्य महिनाभर खोळंबले, तो शब्द ज्यांच्या मतांवर सरकार बनायचे होते त्यांना कोणी कधी सांगितलाच नव्हता.

पुढील घटना वाचकांना स्मरत असतील. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला, त्याच दिवशी राजीनामे आले, २८ तारखेस शिवाजी पार्कवर श्री. उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला आणि ३० तारखेस १६९ मतांनी विश्वासदर्शक ठराव संमत झाला. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी शिवसेनेविरुद्ध मते मागितली होती, म्हणून हे सरकार ‘अनैसर्गिक’ आहे अशी टीका झाली. ही टीका आम्हांला अर्धीच पटते. आपल्या संविधानाला युती ठाऊक नाही. सभागृहाचे बहुमत ठाऊक आहे. शिवाय महाराष्ट्राला हे नवे नव्हते. १९७८ साली श्री. शरद पवार पुलोदचे सरकार स्थापन करून मुख्यमंत्री झाले, ते वसंतदादा पाटलांच्या सरकारातून बाहेर पडूनच. १९९९ मध्ये काँग्रेस व राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी सरकार बनवले. दोष हातमिळवणीचा नाही. ती कोणत्या अटींवर झाली हे झाकून ठेवण्याचा आहे.

या बाबतीत महाविकास आघाडीने एक गोष्ट चांगली केली, हे नमूद केले पाहिजे. शपथविधीच्याच दिवशी तिन्ही पक्षांनी ‘किमान समान कार्यक्रम’ जाहीर केला. शेतकऱ्यांना कर्जमाफी, भूमिपुत्रांना नोकऱ्यांत ८० टक्के आरक्षण, दहा रुपयांत जेवण आणि मतभेद मिटविण्यासाठी दोन समन्वय समित्या, असे त्यात होते. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून सुरूही झाली. जे कागदावर होते त्याचा हिशेब मागता आला. जून २०२२ मध्ये सरकार कोसळले ते मात्र कागदाबाहेरच्या कारणांनी.

सेमिनरीत कायद्याचा इतिहास शिकताना एक गोष्ट आमच्या मनात ठसली होती. प्राचीन रोमन कायद्यात निव्वळ तोंडी कराराला सहसा न्यायालयात दाद नसे. मध्ययुगातील ख्रिस्तसभेच्या विधितज्ज्ञांनी आग्रह धरला की, कोणताही सोपस्कार नसलेला साधा शब्दही पाळलाच पाहिजे. मात्र शब्द पाळण्यापूर्वी तो काय होता, हे माहीत असावे लागते!

जर्मनीत हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. तेथे २३ फेब्रुवारी २०२५ रोजी निवडणूक झाली. कोणालाच बहुमत नव्हते. ख्रिश्चन डेमोक्रॅट, त्यांचा बव्हेरियातील सहपक्ष आणि सोशल डेमोक्रॅट यांनी वाटाघाटी करून ९ एप्रिलला १४४ पृष्ठांचा करारनामा सर्वांसमोर ठेवला. सोशल डेमोक्रॅट पक्षाने तो आपल्या सभासदांच्या मतास टाकला, ८४.६ टक्क्यांनी तो संमत झाला आणि मगच ६ मे रोजी श्री. फ्रीड्रिख मेर्झ चान्सलर झाले. जर्मनीच्या घटकराज्यांतही हीच रीत आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात श्री. विन्फ्रीड क्रेचमान या कॅथलिक नेत्याने २०११ साली सोशल डेमोक्रॅटांबरोबर आणि २०१६ पासून आपले पूर्वीचे विरोधक ख्रिश्चन डेमोक्रॅट यांच्याबरोबर राज्य केले. जोडीदार बदलला, पण प्रत्येक वेळी लेखी करार लोकांच्या हाती होता. आणखी एक तरतूद लक्षणीय आहे. तेथील संसदेला चान्सलरला अविश्वास ठरावाने दूर करायचे असेल, तर त्याच मतदानात नवा चान्सलर निवडावा लागतो. १९४९ पासून केंद्रात हा मार्ग एकदाच, १९८२ साली, यशस्वी झाला. कागद म्हणजे रामबाण नव्हे. बर्लिनमधील तीन पक्षांचे सरकार नोव्हेंबर २०२४ मध्ये लेखी करार असूनही मोडले. परंतु ते सरकारी कर्जाच्या मर्यादेवरून मोडले, हे सामान्य मतदारालाही सांगता येत होते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. २०१९ साली वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा बहुजन विकास आघाडीने जिंकल्या. त्यांची तीन मते ठाकरे सरकारच्या बाजूने पडली; जुलै २०२२ मध्ये विधानसभाध्यक्षांच्या निवडीत तीच मते दुसऱ्या बाजूस गेली. लहान पक्षाला सत्तेच्या जवळ राहावे लागते, त्याशिवाय परिसराची कामे होत नाहीत, हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे व तो अगदीच पोकळ नाही. मग दोन्ही वेळा त्या तीन मतांच्या बदल्यात पाण्याची, हरित पट्ट्याची वा गावांची कोणती हमी मागितली गेली, हे विचारणे मतदाराचा हक्क ठरतो. किमान समान कार्यक्रम तीन मोठ्या पक्षांचा होता.

२०२४ च्या निवडणुकीत त्या तिन्ही जागा महायुतीकडे गेल्या. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. योगायोग असा की, दुसऱ्या दिवशी पुन्हा ख्रिस्तराजाचा सण होता. या वेळी भाजपला एकट्यालाच १३२ जागा होत्या, मित्रपक्षांसह बहुमत प्रचंड होते. तरीही शपथविधीस ५ डिसेंबर उजाडला, मंत्रिमंडळाच्या विस्तारास १५ आणि खातेवाटपास २१ डिसेंबर. एवढ्या बहुमतातही सुमारे महिना कशात गेला, याचा तपशील कोणत्याही कागदावर नाही.

गावांचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. ग्रामस्थांनी आंदोलन केले, लाठ्या खाल्ल्या. २०११ साली तत्कालीन आघाडी सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय काढला. तो न्यायालयात अडकला. २०१४ मध्ये सरकार बदलले, २०१९ मध्ये बदलले, २०२२ मध्ये पुन्हा बदलले. २०२० च्या जूनमध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि नव्या निवडणुकीस जानेवारी २०२६ उजाडला. मधल्या साडेपाच वर्षांत मुंबईत दोन मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली, आणि आगाशीत गटार तुंबले तर ज्याच्या दारात जावे असा नगरसेवक कोणी नव्हता.