कवींची वये

केस पांढरे झाले म्हणजे माणूस म्हातारा झाला, हे मला कधीच पटलेले नाही. (केस काय, कलपाने पुन्हा काळे होतात!) मराठीच्या मास्तराला आपले वय आरशात नव्हे, अभ्यासक्रमात दिसते.

साक्रीच्या कॉलेजात मी शिकवू लागलो तेव्हा २४ वर्षांचा होतो. केशवसुत, बालकवी ही सारी वडीलधारी मंडळी. त्यातून बालकवी आमच्या खानदेशातले, धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ही पदवी मिळाली. नाव घेताना आवाज आपोआप खाली येई. मग मी २७ ओलांडली आणि बालकवी मागे राहिले. पुढे चाळिशी लागली (दोन्ही अर्थांनी!) आणि केशवसुतही मागे पडले. ते १९०५ मध्ये, ३९ व्या वर्षीच गेले.

आता मी ४७ चा आहे. ५ मे १९१८ चा तो भादली स्टेशनजवळचा अपघात वर्गात सांगू लागलो, की तोंडातले 'ते' गळून 'तो' येते. समोर पिंपळनेरहून एस.टी.ने आलेली मुले बसलेली असतात. बालकवी त्यांच्यातलाच वाटतो. 'अरे, गाडी येतेय, रुळावरून बाजूला हो!' असे ओरडावेसे वाटते. पंचविशीत असे कधी वाटले नव्हते. तेव्हा ती नुसती तारीख होती, परीक्षेत विचारण्याजोगी.

त्यातल्या त्यात आधार बहिणाबाईंचा. जन्म १८८० चा, मृत्यू १९५१ चा. त्यांच्यापुढे मी अजून पोरच! यंदा त्यांच्याच कविता आधी शिकवायला घेतल्या आहेत.