‘सेल्फ गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

मोटारसायकल बटणाने चालू होईनाशी झाली की आपल्याकडे तिच्याविषयी एकच वाक्य उच्चारले जाते : ‘सेल्फ गेला.’ मालक ते गॅरेजात येऊन सांगतो, मेकॅनिक मान डोलावून त्याला दुजोरा देतो आणि सुट्या भागांचा दुकानदार त्याच वाक्याच्या भरवशावर नवे खोके फोडतो. आमचा आक्षेप या वाक्याला आहे. ‘कविता दुर्बोध आहे’ एवढे म्हणून समीक्षक जसा कवितेपाशी न जाताच परत फिरतो, तसा हा यंत्रापाशी न जाता दिलेला निकाल आहे. त्यात तक्रार आहे, निदान नाही. आणि या दोहोंची गल्लत झाल्याचा भुर्दंड मालकाच्या खिशाला बसतो.

या वाक्यात किमान चार-पाच भिन्न अवस्था कोंबलेल्या असतात. बटण दाबल्यावर काहीच न होणे ही एक. एकच ठसठशीत ‘टक्’ ऐकू येऊन पुढे शांतता, ही दुसरी. ‘टक् टक् टक् टक्’ अशी घाईची मालिका, ही तिसरी. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन जागचे हलत नाही, ही चौथी. आणि इंजिन व्यवस्थित फिरते पण पेट घेत नाही, ही पाचवी. हिच्यात तर सेल्फचा बिचाऱ्याचा काही दोषच नसतो, तिथे ठिणगी किंवा पेट्रोल शोधायचे असते.

या आवाजांना अर्थ आहे तो यंत्राच्या रचनेमुळे. आपण अंगठ्याने दाबतो त्या बटणातून मोटरची वीज जात नाही. बटण फक्त रिलेच्या छोट्या गुंडाळीला प्रवाह देते. ती गुंडाळी चुंबक होऊन आतला जाड संपर्क जोडते आणि मग बॅटरीची खरी ताकद जाड वायरीतून मोटरकडे धावते. म्हणजे एक लहान मंडल मोठ्या मंडलाला आज्ञा देते. ‘टक्’ हा त्या आज्ञेचा आवाज. तो आलाच नाही तर दोष बहुधा आज्ञेच्या वाटेवर असतो : फ्यूज, किल स्विच, क्लचच्या दांड्याखालचा बारीक स्विच, न्यूट्रलचा स्विच, अनेक नव्या गाड्यांत साइड स्टँडचाही. तो एकदाच आला आणि दिव्यांचा प्रकाश तसाच राहिला, तर रिलेचे आतले संपर्क जळालेले असू शकतात किंवा मोटरचे कार्बन झिजलेले असू शकतात. आणि घाईची टकटक ही बहुतेक वेळा दुबळ्या बॅटरीची किंवा सैल टर्मिनलची भाषा : संपर्क जुळतो, मोटर वीज ओढते, व्होल्टेज कोसळते, गुंडाळीची पकड सुटते, भार उतरताच व्होल्टेज वर येते, पुन्हा पकड. कान देऊन ऐकणाऱ्याला एवढे तरी पान्याला हात न लावता कळते.

इथे मीटर हाती असलेल्यांचाही एक भ्रम नोंदवला पाहिजे. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावायचा, १२.६ व्होल्ट दिसले की ‘बॅटरी ओके’ म्हणायचे, ही प्रथा सार्वत्रिक आहे. परंतु विश्रांतीत असलेली बॅटरी आपली प्रकृती सांगत नाही. बटण दाबून ठेवल्यावर आकडा कुठवर घसरतो हे पाहायचे असते. साडेनऊ-दहाच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा, तिथेच वर टिकला आणि तरी मोटर रडत असेल तर संशय वायरींवर आणि सांध्यांवर घ्यावा. गणित सोपे आहे. मोटर ६० अँपिअर ओढत असेल आणि एखाद्या गंजलेल्या सांध्यात फक्त ०.०५ ओहमचा विरोध असेल, तर त्या एका सांध्यात ३ व्होल्ट गडप होतात. प्रवाह वाहत नसताना हा चोर दिसत नाही. चोरी चालू असतानाच त्याला पकडावे लागते.

आम्ही शिकवतो ते महाविद्यालय कोकणात आहे आणि तिथल्या पावसात हे सांध्यांचे दुखणे घरोघरचे. एका सहकाऱ्यांच्या गाडीला प्रथम नवी बॅटरी घातली गेली. गाडी पंधरवडाभर चालू झाली, कारण ताज्या बॅटरीच्या जोरावर सांध्यातली गळती झाकली गेली होती. मग पुन्हा तेच. मग मोटर उतरवून कार्बन बदलले. अखेर गावाबाहेरच्या एका टपरीवजा गॅरेजातल्या माणसाने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर व दुसरी थेट इंजिनच्या धातूवर टेकवली आणि बटण दाबायला सांगितले. जिथे जवळपास शून्य हवे, तिथे २.८ व्होल्ट दिसले. अर्थिंगचा बोल्ट खोलून, गंज पॉलिश पेपरने घासून त्याने तो पुन्हा आवळला. काम दहा मिनिटांचे, मजुरी ५० रुपये. आधीच्या दोन बिलांचे आकडे आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांना अंदाज असेलच.

‘निदान’ हा शब्द आपण आयुर्वेदाकडून घेतला. ‘माधवनिदान’ हा तर रोग ओळखणे या एकाच विषयाला वाहिलेला प्राचीन ग्रंथ. त्या परंपरेत रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत, आणि त्यांपैकी एक आहे ‘उपशय’ : औषध, आहार किंवा विहार देऊन पाहायचे आणि उतार पडतो का यावरून रोग ताडायचा. म्हणजे ‘भाग बदलून बघू’ ही पद्धत शास्त्राला अपरिचित नाही. मात्र ती राखून ठेवली आहे लक्षणांवरून न ओळखता येणाऱ्या, दडलेल्या व्याधीसाठी. आपल्या गॅरेजांनी शेवटचे साधन पहिले केले आहे. आणि ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग प्रकटण्यापूर्वीच्या खुणा, त्यांच्याकडे तर मालकांनीच पाठ फिरवलेली असते. सकाळच्या पहिल्या स्टार्टला मोटर जड फिरू लागली, बटण दाबताच हेडलाइट पूर्वीपेक्षा अधिक मंदावू लागला, हे आठवडेन् आठवडे चाललेले असते.

याचा सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. बिलात बॅटरीची रक्कम असते, रिलेची असते, ‘फिटिंग’ची असते, शोधण्याची रक्कम नसते. अर्धा तास मीटर घेऊन बसलेल्या आणि अखेर एक बोल्ट घासणाऱ्या कारागिराला ग्राहक विचारतो, ‘यात केलं काय तुम्ही?’ भाग बदलणाऱ्याला मात्र तो बिनतक्रार पैसे मोजतो, कारण हातात खोके दिसते. वस्तूला किंमत आणि विचाराला फुकटेपण, हा व्यवहार आपण ग्राहकांनीच रूढ केला. तेव्हा शोधण्याची मजुरी वेगळी आकारली जावी, आणि ती देताना आपण कुरकुरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न पूर्वी इतका टोकाचा नव्हता, कारण किक होती. कार्बुरेटरच्या अनेक जुन्या गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोतूनच येई. बॅटरी मेली तरी किक मारून घर गाठता येई आणि निदानाला सवड मिळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि इंधन-इंजेक्शन जवळपास सर्वत्र आले. त्याचा पेट्रोल पंप आणि ईसीयू दोघेही विजेवर जगतात, त्यामुळे पार मेलेल्या बॅटरीवर ढकलस्टार्टचाही भरवसा उरला नाही. रॉयल एनफिल्डच्या २०२१ च्या नव्या क्लासिक ३५० ला तर किकच नाही. अशा गाडीचा मालक आडरानात सर्वस्वी बटणाच्या स्वाधीन असतो, आणि गॅरेजात तो घेऊन जातो ते वाक्य अजून तेच, दोन शब्दांचे.

त्याऐवजी त्याने सांगावे : टक् आवाज येतो की नाही, एकदा की सतत, त्या वेळी दिवे मंदावतात का, न्यूट्रलमध्ये आणि क्लच दाबून फरक पडतो का, गाडी किती दिवस उभी होती. आणि गॅरेजानेही भाग बदलण्यापूर्वी बटण दाबून ठेवले असता बॅटरीवर किती व्होल्ट दिसले, अर्थिंगच्या सांध्यात किती गेले, हे दोन आकडे बिलाच्या पाठीवर लिहून द्यावेत. लिहायला अर्धी ओळ पुरते.